मापाचे पुनर्निर्धारण

माझ्या पोटाला पिशवी लावलेली आहे, हे कंपनीत कुणालाही माहीत नव्हतं. हर्नियाचं ऑपरेशन झालं, असं मी सांगितलं होतं. खरं तर माझं आतडं फुटलं होतं. रविवारी जेवून उठलो आणि पोट धरून जमिनीवर लोळायला लागलो. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. शुद्धीवर आलो तेव्हा पोटावर उजव्या अंगाला आतड्याचं लालभडक तोंड बाहेर काढून ठेवलेलं होतं आणि त्यावर एक पिशवी चिकटवलेली होती. शी आता त्या वाटेनं बाहेर येणार, केव्हा येणार ते माझ्या हातात नाही. आतलं भरून आलं की काही महिन्यांनी परत जोडून देऊ, असं डॉक्टर म्हणाले.

त्या तोंडाला स्टोमा म्हणतात. मी तो शब्द घरात कधी उच्चारला नाही. बायको ‘ते’ म्हणायची, मीही ‘ते’च म्हणायचो.

डिस्चार्जच्या वेळी एक गुळगुळीत पुस्तिका हातात मिळाली. वर बागेत हसत बसलेलं एक जोडपं. आत मराठीच होतं, पण असं की वाचताना कोर्टाची नोटीस आल्यासारखं वाटावं. नर्सनं पुठ्ठ्याचा एक तुकडा कापून दिला. पिशवीमागच्या चिकट चकतीला स्टोमाएवढं भोक पाडावं लागतं, त्याचं ते माप. “या मापानं कापत जा,” ती म्हणाली. तिच्यासमोर आणखी चार पेशंट उभे होते.

मी त्या मापानं कापत गेलो. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी क्वालिटीला आहे. दिवसभर हातात माप घ्यायचा व्हर्नियर. केसभर फरक असला तरी माल बाजूला काढायचा, हेच माझं काम. पुठ्ठ्याच्या बाहेर माझी कात्री एकदाही गेली नाही.

दोनेक महिन्यांनी कामावर रुजू झालो, तोवर पिशवीखालची कातडी सोलून निघायला लागली होती. मला वाटलं, असंच असतं. सहन करायचं. ड्यूटीच्या दिवशी मी सकाळपासून काही खायचो नाही, म्हणजे पिशवीत काही उतरणार नाही. डबा मात्र रोज घेऊन जायचो आणि कॅन्टीनमध्ये दुसऱ्यांना वाटून टाकायचो. सगळे म्हणायचे, ऑपरेशननंतर गडी दिलदार झाला.

एका संध्याकाळी कंपनीच्या बसमधून परत येत होतो. मोशीच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये बस अडकली. पोटावर काहीतरी कोमट सरकल्यासारखं वाटलं. हात लावून पाहायचीसुद्धा हिंमत झाली नाही. चकती एका बाजूनं सुटली होती. मी बॅग पोटावर घट्ट धरून बसलो. थोड्याच वेळात मागून कुणीतरी ओरडलं, “कुणाचा डबा आंबलाय रे?” सगळे हसले. ड्रायव्हर म्हणाला, बाहेर गटार तुंबलंय वाटतं. खिडक्या भराभर बंद झाल्या, मग कुणीतरी म्हणालं वास आतच आहे, आणि परत उघडल्या. माझ्या शेजारी बसलेला माणूस काहीच बोलला नाही. तो फक्त उठला आणि पुढे जाऊन दांडीला धरून उभा राहिला. त्याचं न बोलणं मला सगळ्यांत जास्त लागलं.

मोशीच्या चौकात मी उतरलो. इथं बहिणीकडे जायचंय, असं उगाच मोठ्यानं सांगितलं. ट्रक तोलायच्या, बंद पडलेल्या एका वजनकाट्याच्या भिंतीआड जाऊन बायकोला फोन केला. दापोडीच्या घरून ती रिक्षानं आली. लुंगी, पाण्याच्या बाटल्या, जुनं धडुतं, पिशवीचं सामान, सगळं घेऊन. “तिकडं तोंड कर,” मी म्हणालो. तिनं केलं नाही. रस्त्याकडे पाठ करून ती माझ्यासमोर साडीचा पदर पसरून उभी राहिली, आडोसा म्हणून, आणि एका हातानं मला एकेक वस्तू देत राहिली. रस्त्यावरून कंटेनर जात होते. मी बेचाळीस वर्षांचा माणूस, स्वतःला धूत होतो आणि रडत होतो.

दुसऱ्या दिवशी तिनंच मला हॉस्पिटलात नेलं. पुठ्ठा देणाऱ्या त्याच नर्सनं पिशवी काढली, कातडी पाहिली आणि स्टोमावर मोजपट्टी धरली.

“भोक केवढं कापता?”

मी खिशातून पुठ्ठा काढला.

“अहो, हे तर पहिल्या दिवसाचं माप! ऑपरेशननंतर सूज असते. मग स्टोमा आक्रसत जातो. आता केवढा राहिलाय बघा. मधल्या उघड्या कातडीवर रोज शी साचते. जळणार नाही तर काय होणार? पुस्तिकेत लिहिलंय ना?” मग सहज म्हणावं तशी म्हणाली, “तुम्ही तर क्वालिटीला आहात ना?”

तिच्या मनात काही नव्हतं. पण कंपनीत माझ्या हातून रिजेक्ट झालेला एखादा पार्ट असावा, तसा मी त्या टेबलावर पडून होतो.

पुस्तिकेत लिहिलेलं होतं. घरी येऊन पाहिलं. ‘स्टोमाच्या आकारमानात कालांतराने होणाऱ्या बदलानुसार मापाचे पुनर्निर्धारण करावे.’ ही ओळ मी वाचली होती, एकदा नव्हे, कितीतरी वेळा. त्यातला शब्दन्‌शब्द मला कळत होता. फक्त ते मला सांगितलंय, हे कळलं नव्हतं. ‘करावे’ म्हणजे कुणी करावे? मला वाटलं, डॉक्टर करतील. एवढा मोठा शब्द माझ्या कात्रीसाठी असेल, असं मनातसुद्धा आलं नाही.

कातडी बरी होत आली तेव्हा त्याच नर्सचा फोन आला. हॉस्पिटल नवीन पुस्तिका काढतंय, छापण्याआधी पेशंटना वाचायला देऊन पाहायचंय, याल का? मी नाही म्हणणार होतो. बायकोनं फोन हातातून घेतला आणि म्हणाली, “येतो आम्ही.”

वरच्या मजल्यावर एका खोलीत लांब टेबल होतं. नर्स होती, पुस्तिका लिहिणाऱ्या एक बाई होत्या. माझ्यासारखे पेशंट आणखी दोघं. वाकडला राहणारा, आयटीत काम करणारा एक तरुण, आणि चाकणजवळच्या गावातल्या एक आजी, सुनेला घेऊन आलेल्या. सगळे एकमेकांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. पोटाकडे कुणीच पाहत नव्हतं, आणि त्यामुळेच सगळ्यांचं लक्ष पोटाकडे आहे हे कळत होतं.

लिहिणाऱ्या बाई म्हणाल्या, “आम्ही पुस्तिका तपासतोय, तुम्हाला नाही. एक ओळ वाचायची, कागद उलटा ठेवायचा, आणि घरी जाऊन तुम्ही नेमकं काय कराल ते सांगायचं. कळलं नाही तर चूक आमची.”

सुरुवात जुन्या पुस्तिकेपासून झाली. आणि ओळही तीच आली. पुनर्निर्धारणाची.

आयटीवाला म्हणाला, “साइज चेंज झाली तर डॉक्टरांना दाखवायचं.”

सुनेनं आजींना वाचून दाखवलं. आजी म्हणाल्या, “म्हंजी पिशवी मोठी घ्यायाची, व्हय?”

माझी पाळी आली. बाईंनी घाई केली नाही. शेवटी मी म्हणालो, “मला वाटलं हे तुमचं काम आहे.” आणि मोशीचं सांगितलं. बसमधलं सगळं नाही. चकती सुटली, एवढंच. तेवढं सांगतानाही कान तापले. बाई लिहीत होत्या. नर्स मात्र खाली बघत होती. हळूच म्हणाली, “मी तेव्हा तुम्हाला तोंडी सांगायला हवं होतं.” तिला लाज वाटली, हे पाहून मला आणखी संकोच वाटला.

नवीन मसुदा वाचला. स्पंजच्या एका पोटावर रबराचा स्टोमा बसवला होता, त्यावर वाचून करून दाखवायचं होतं. काही जमलं, काही नाही. मी सुचवलं की पुस्तिकेसोबत वेगवेगळ्या मापांची गोल भोकं पाडलेलं एक कार्ड द्या, स्टोमावर धरून बघता येईल. त्यांना पटलं. मला जरा बरं वाटायला लागलं होतं.

मग बाईंनी विचारलं, “यात काय नाहीये? काय असायला हवं होतं?”

आयटीवाल्यानं प्रवासाचं सांगितलं. मी कामावर काय खावं ते लिहा म्हणालो. पुस्तिका मिटायची वेळ झाली. तेवढ्यात माझी बायको बोलली. इतका वेळ ती भिंतीला टेकून गप्प बसली होती.

“यात बायको कुठंच नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“वर फोटो आहे जोडप्याचा. आत काहीच नाही. हे घरी आल्यापासून स्वयंपाकघरात ओट्याखाली झोपतात. शेजारी झोपलं तर चालतं का, पिशवीला धक्का लागतो का, कुठं लिहिलेलं नाही. मी विचारायचं कुणाला?”

मला उठून जावंसं वाटलं. आयटीवाला मोबाईल बघायला लागला. आमचं घर दोन खोल्यांचं, दहावीतली मुलगी, आणि तिच्या आईनं आमचं झोपणं असं टेबलावर मांडलं होतं.

आजी पुढे सरकल्या. माझ्या बायकोला म्हणाल्या, “बरं झालं बाई तू बोललीस. माझं येगळंच हाय. मी नातवाला मांडीवर घेत न्हाई. लाथ मारली आन्‌ फुटली तर? ते बी लिवा की वो.”

त्यांची सून एकदम त्यांच्याकडे वळली. “आत्या, मला वाटलं तुम्ही माझ्यावर रागावलाय म्हणून त्याला घेत नाही!”

“न्हाई गं,” आजी म्हणाल्या आणि पदरानं तोंड झाकलं. “लाज वाटत व्हती.”

बाईंनी ते सगळं लिहून घेतलं.

घरात शिरल्यावर बायकोला म्हणालो, “चार लोकांत माझं झोपणं काढलंस. काय मिळालं?”

ती चप्पल काढत होती. तशीच थांबली. “तुम्ही किळस यायला नको म्हणून लांब झोपता, होय ना?”

“मग?”

“मला एवढे दिवस वाटत होतं की तुम्हालाच मी नकोशी झाले. दवाखान्यात मी तुमचं सगळं काढलं, धुतलं. वाटलं, हिनं आपल्याला असं पाहिलं म्हणून माणूस दूर गेला.” एवढं बोलून ती आत गेली आणि कुकर लावायला लागली.

मी दारातच उभा राहिलो. बसमध्ये लाज वाटली होती ती लोकांची. टेबलाशी वाटली तीही लोकांचीच. ही वेगळी होती. माझ्या पोटाची लाज मी एकट्यानं वाहतोय, असं समजत होतो, आणि तिनं त्याच वेळी पलीकडच्या खोलीत दुसरीच लाज उशाशी घेऊन दिवस काढले होते. मला तिला काहीतरी म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, “भाजी कुठली करतेस?” ती म्हणाली, “गवार.” दुपारी मुलगी क्लासला गेल्यावर मी माझी गादी ओट्याखालून काढली आणि तिच्या गादीला लावून टाकली. तिनं ते पाहिलं. त्या रात्रीही आडवं होताना मी पिशवीची उजवी बाजू भिंतीकडे करूनच झोपलो.

नवीन पुस्तिका छापून आली. ‘दर आठवड्याला स्टोमा मोजा. तो लहान होत जातो. चकतीचं भोकही तेवढंच लहान कापा.’ मागच्या पानावर होतं, ‘पिशवी रिकामी करा आणि जोडीदाराशेजारी झोपा. लहान मुलांना मांडीवर घ्या.’ साधी, छोटी वाक्यं. वाचून मला सगळी दापोडी आमच्या स्वयंपाकघरात डोकावतेय असं वाटलं. कुठं नाव नव्हतं, तरीही.

पुढं माझं आतडं परत जोडलं. टाके दाखवायला गेलो त्या दिवशी ओपीडीच्या बाकावर माझ्यापेक्षा तरुण एक माणूस ती पुस्तिका घेऊन बसला होता. शेजारी त्याची आई. मागचं पान आलं की तो पटकन उलटायचा आणि थोड्या वेळानं पुन्हा तिथंच यायचा. आई औषधं आणायला गेली तशी माझ्या बायकोनं मला कोपरानं ढकललं.

मी त्याच्याजवळ जाऊन बसलो.

“मला पण होती,” मी शेवटी म्हणालो.

त्यानं माझ्या पोटाकडे बघितलं, मग पुस्तिकेकडे. आवाज अगदी खाली आणून विचारलं, “हे मागचं लिहिलंय ते खरं आहे का, दादा?”

माझे कान पुन्हा तापले. बायको समोरच उभी होती आणि तिला ऐकू जात होतं.

“हो,” मी म्हणालो, “खरं आहे.”