वहिनींच्या लिंबांवर मारलेलं तेल

हे मी बायकोलासुद्धा कधी बोललो नाही. तुम्हाला सांगतोय – का, ते माझं मलाच कळत नाही.

आम्ही वरवे बुद्रुकचे. थोरला भाऊ गेल्यावर त्याच्या वाटणीच्या रानात वहिनींनी कागदी लिंबं लावली. एकटीनं. बांधाला बांध लागून माझीही बाग होती – माझी खुरटली, त्यांची लगडली. नसरापूरच्या बाजारात लोक मलाच सांगायचे, "तुझ्या वहिनीचं लिंबू म्हंजे लिंबू!" मी हसायचो. आत काय व्हायचं, ते विचारू नका.

एका उन्हाळ्यात त्यांच्या झाडांवर खवले कीड आली. तिच्यावर फवारणीचं तेल मारतात – तेलाचा पापुद्रा बसतो, कीड गुदमरून मरते. वहिनी तेलाचा डबा घेऊन आल्या, बांधावर थांबल्या.

"भावजी, मागल्या आठवड्यात पानावरच्या कोळी किडीसाठी गंधक मारलंय. आता लगीच तेल चालंल न्हवं?"

चालत नाही. गंधकावर तेल पडलं की पानं करपतात. मला ठाऊक होतं – माझी काही झाडं तशीच होरपळली होती.

"चालतंय की," मी म्हणालो. "मारा."

रागात होतो का? नाही हो. अगदी शांत होतो.

पानं करपली, गळाली. मागोमाग लिंबं – सुपारीएवढी, हिरवीगार – झाडाखाली सडा पडला. माणसं बघायला जमली. त्या सगळ्यांपुढं वहिनींनी मला विचारलं, "काय चुकलं वो माझं?" तेव्हा तरी बोलायचं ना? मी म्हणालो, "माप जास्ती पडलं असंल."

त्यांनी मान हलवली. "व्हय. माझाच हात जड."

झाडं कदाचित सावरली असती. पाणी देत राहा, पालवी फुटेल – एवढं सांगायला काय लागत होतं? तेही सांगितलं नाही. त्यांनी बाग काढायची म्हटलं, तेव्हा कुऱ्हाड मीच चालवली. बुंध्याची साल आत हिरवी होती. मी बघितली – आणि पुढच्या झाडाकडं वळलो.

आता वहिनी हायवेकडच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायला जातात. जायच्या आधी म्हणाल्या, "भावजी, रान तुमीच करा. तुमाला त्यातलं कळतं."

मी ते घेतलं.