अक्काच्या घरचा कडू घास

मी पुण्याला निघाले त्या सकाळी आपली अक्का तिचं हॉटेल बंद ठेवून अमळनेरच्या स्टेशनावर आली होती. हातात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेच्याचं गाठोडं. "जाय वं माय, पन उपाशी ऱ्हाऊ नको," एवढंच म्हणाली. मी वेडी खुशीत होते. पुण्याच्या मोठ्या हॉटेलात खान्देशी भरीत करायला मला बोलावलं होतं ना!

शोभा, रझिया, धुळे रस्त्यावरची ती अक्काच्या हॉटेलची पत्र्याची शेड आठवते? आपण आठजणी. कपाशीच्या पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडगीत मुसळीने कुटायची आणि तोंडाची टकळी दिवसभर चालू. अक्का देई त्या पगारावर शोभाची पोर बारावी झाली, रझियाच्या घरावर स्लॅब पडला.

आणि अक्काचा तो नेम. मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही, म्हणून पहिलं जेवण, कडू घास, आपल्या हॉटेलातून जायचं. बौद्धवाडा असो की मोहल्ला, पिठलं-भाकरी पोचायचीच. नेणारीने नुसतं ठेवून यायचं नाही. "पहिला घास पोटमा जाऊ दे, मंग ऊठ," अक्का बजावायची.

पुण्याचा मालक म्हणाला, अजून असे हात आण. मी आधी शोभाला बोलावलं, मग रझियाला. केवढी फुशारले होते मी! बाकीच्याही कुणी सुरतला, कुणी नाशिकला गेल्या. अक्काने कुणालाच अडवलं नाही. एका हिवाळ्यात शेडला कुलूप लागलं. ते मीच लावलं म्हणा ना.

या जानेवारीत अक्का गेली. रविवार, भरिताची गर्दी, किचन माझ्या हाताखाली. तिघींना एकदम सोडता येईना. तुम्हा दोघींची सुट्टी मी नाकारली आणि स्वतः गाडीत बसले. लिहितानाही लाज वाटते.

पोचले तेव्हा सगळं आटपलं होतं. सुरतेहून आलेला अक्काचा लेक, सून, नातवंडं उपाशीच बसलेली. कोपऱ्यात बसस्टँडवरून आणलेली पार्सलं, गाठसुद्धा न सोडलेली. गावभर कडू घास पाठवणारीच्या घरी तो आलाच नव्हता. पाठवणाऱ्या आपण सगळ्या बाहेरगावी.

सुनेकडून किल्ली घेतली, शेड उघडली. चुलीवरची जळमटं काढली, पिठलं घोटलं, भाकरी थापल्या. एकटीने. पूर्वी भाकरी थापणारी वेगळी, भाजणारी वेगळी असायची. माझ्या भाकरी करपत राहिल्या. तरी नेल्या. ताटं वाढून नेमाप्रमाणे समोर बसले. एकेकाने घास घेतला.

मी उठायला लागले, तर अक्काच्या लेकाने माझ्यापुढे ताट सरकवलं. "ताई, तू बी घरनीच शे. खाय."

घास मोडला आणि हातातच राहिला. माझा घास पोटात जाईपर्यंत समोर बसायला कुणीतरी हवं होतं गं. तुम्ही दोघी हव्या होतात.