अदेलीनचे नाच, सुलभाचा लेख

बातमी मराठी मंडळाच्या ग्रुपवर आली. ‘आपले जुने सभासद वसंतराव यांच्या पत्नीचे दुःखद निधन.’ खाली जोडलेल्या हातांची रांग. सुलभा हे नाव कुठेच नव्हतं. मला संताप आला, आणि लगेच जाणवलं, संतापायचा हक्क मला तरी कुठे आहे...

अमेरिकेतल्या बॉथेलमध्ये आम्ही दोघी शेजारी शेजारी राहून म्हाताऱ्या झालो. सुलभा औषधांच्या कंपनीत, प्रयोगशाळेत होती. रिटायर झाल्यावर बाकीच्या जणी नातवंडांत रमल्या. ही लागली एका बॅले नर्तकीच्या मागे. एकोणिसाव्या शतकातली अदेलीन. लायब्ररीतल्या एका जुन्या जाहिरातीत तिचं चित्र दिसलं आणि पुढची सहा वर्षं सुलभा दुसरं काही बोलली नाही. पोरवयात पॅरिसच्या रंगमंचावर मागच्या रांगेत उभी राहणारी ही मुलगी पुढे नवऱ्याच्या नृत्यमंडळीबरोबर अमेरिकेत आली, गावोगाव नाचली. गुडघा गेल्यावर खुर्चीत बसून, काठीने ताल धरून तिने नाच बसवले. जाहिरातींवर मात्र नृत्यरचनाकार म्हणून नवऱ्याचं नाव छापलं जायचं. नाच खरे अदेलीनचे, हे सुलभाने तिच्या एका शिष्येच्या पत्रांतून हुडकून काढलं. त्यासाठी साठी उलटल्यावर फ्रेंच शिकली. आम्ही थट्टा करायचो, “काय गं, तुझी मडम काय म्हणते?” ती हसायची, पण उत्तर मनापासून द्यायची. तोवर आमच्या गप्पा आंब्याच्या पेट्यांकडे वळलेल्या असायच्या.

मंडळाच्या स्मरणिकेची संपादक मी. तिने चौदा पानं लिहून दिली, मराठीत. म्हणाली, “इंग्लिशमध्ये कुणीतरी लिहीलच गं. मला आपल्या लोकांना सांगायचंय.” मी चौदाची तीन केली, जाहिरातींना जागा हवी होती. लेखकांची नावं सभासदांच्या यादीतून उचलली, आणि कौटुंबिक सभासदत्व असतं नवऱ्याच्या नावावर. लेख छापून आला. वर शीर्षक, ‘नवऱ्याच्या नावाखालची नर्तकी’. खाली लेखक म्हणून वसंतराव.

तिचा फोन आला. भांडली नाही. एवढंच विचारलं, “नीलू, तू लेख वाचला होतास का?”

“म्हणजे काय, वाचला ना.”

खोटं बोलले. मी फक्त पानं मोजली होती. वाचला असता तर ते नाव टाकताना हात थांबला असता. दुरुस्ती पुढच्या अंकात देऊ, असं ठरलं. पुढच्या वर्षी समिती बदलली आणि मी विसरले... नाही, विसरले नाही. लाज वाटली म्हणून विषय काढला नाही.

परवा वसंतरावांकडे गेले. चहा त्यांनीच केला. म्हणाले, “तो लेख लोकांना फार आवडला होता. अजून मला कॉम्प्लिमेंट देतात. आधी मी एक्सप्लेन करायचो. आता थँक यू म्हणून टाकतो.” माणूस साधा आहे. आणि त्यांना बोलायला मला तोंड कुठे होतं?

मग त्यांनी तिची खोली उघडून दिली. टेबलाखाली स्मरणिकांचा गठ्ठा होता. उरलेल्या प्रती तिने माझ्याकडून मागून नेल्या होत्या. मला वाटलं होतं, भारतात पाठवायच्या असतील. वरची प्रत उघडली. वसंतरावांचं नाव निळ्या पेनाने खोडून शेजारी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, सुलभा. दुसऱ्या प्रतीतही तेच. अशा अकरा प्रती निघाल्या. बाराव्या प्रतीत नाव नुसतं खोडलेलं होतं, शेजारी काही लिहिलेलं नव्हतं. त्याखालच्या प्रती तिने उघडल्याच नव्हत्या.