गळ्यात फडकं बांधलेला

सासऱ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच आमच्या घरातला अंगारा-धुपारा संपला. भूतखेत मीही कधी मानलं नाही. शिक्षण चौथीपर्यंतच, लिहिण्यात चूक होईल... पण एवढं एकदा कुणाला तरी सांगायचं आहे.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मालक तिथं एका ऑफिसात शिपाई लागले. निलंग्याजवळच्या गावात मी, सासूबाई आणि मुलगी सुमन. साहेबांच्या रद्दीतलं एक जुनं परदेशी पुस्तक मालकांनी घरी आणलं. आत गमतीची चित्रं – पगडीवाला बेडूक, चहा पिणारी घुबडं. एका पानावर विहीर होती. बुडाशी ढेरपोट्या राक्षस, गळ्यात फडकं बांधून, हातात चमचा धरून जेवणाची वाट बघत बसलेला. वरून दोरानं एक पोरगी खाली सोडलेली. अन् काठावर चष्मा लावलेला उंदीर निवांत तो दोर कुरतडत होता. आधी मला हसू आलं... मग मी ते पान पटकन मिटलं.

कारण ते दुष्काळाचं वर्ष होतं. आमच्या वस्तीच्या विहिरीत नुसता झिरा उरलेला. सुमन अंगानं हलकी, म्हणून तिलाच दोरानं खाली सोडायचे. ती वाटीवाटीनं घागर भरायची.

पुस्तक मी पेटीत दडवलं, पोरीला दाखवलं नाही. पण मधूनमधून बघायची. दर वेळी दोर जास्तच कुरतडलेला वाटायचा. एका सकाळी पाहिलं – एकच धागा उरला होता.

त्या दिवशी मी सुमनला विहिरीत उतरू दिलं नाही. बायका चिडल्या. कारण विचारलं तेव्हा मी चित्राचं सांगून बसले.

"चित्राला भिऊन राहिली व्हय?" सासूबाई म्हणाल्या. "मग पाणी बी चित्रातलंच पाज आम्हाला."

मी खाली मान घालून पोरीचा हात धरून ठेवला. शेवटी बायकांनी नुसती घागर सोडली. ती अर्ध्यावर गेली अन् दोर तुटला. दोर नवा होता.

घरी येऊन पेटी उघडली. चित्रात पोरगी नव्हती. राक्षस रिकामा चमचा धरून रुसल्यासारखा माझ्याकडंच बघत होता. मालक सुट्टीला घरी आले तेव्हा म्हणाले, चित्र पहिल्यापासून असंच आहे.

याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. त्यात परवा सुमन माहेरी आली. लेकराला भरवताना त्याच्या गळ्यात फडकं बांधलं अन् हसायला लागली.

"आई, विहिरीत खाली एक जण असंच बांधून बसायचा. लई हसवायचा मला. रोज म्हणायचा, आज भूक न्हाई, उद्या ये."

मी उठले, अन् नातवाच्या गळ्यातलं फडकं सोडलं.