उलटवलेली कॉलर

देशाची भरभराट आकड्यांवरून कळते, असे वर्तमानपत्रे सांगत. पिंपरीची भरभराट आमच्या शिंप्याला कॉलरीवरून कळे. कापड महागल्यापासून लोक झिजलेली कॉलर त्याच्याकडे उलटवून घेत आणि तोच शर्ट आणखी वर्षभर वापरत. टाके उसवताना तो शर्टाशी बोले, "दम धर, झालंच." शर्ट ऐकत. गिऱ्हाइके घाई करीत.

पलीकडे कारखाना उभा राहत होता, तेव्हा तो एकदा मला म्हणाला, "लई दिस झालं राव, एक कॉलर आली न्हाई. लोकांचं दिवस पालटलं. आता नव्या शर्टाला येत्याल. म्हणून कारभारणीला साताऱ्याहून बोलावलंय."

मी काखेतला शर्ट पुढे ठेवला. त्याने कॉलर बोटांत फिरवली.

"ही तर मीच उलटवलीय. तिसरी बाजू कुठनं आणू?"

"आमच्या कचेरीत सगळ्यांचं तेच झालंय. म्हणून कोणी येत नाही."

तो शर्टाची घडी घालू लागला. मग म्हणाला, "कारभारणी तर निघाली असंल."

मी नव्या शर्टाचे माप दिले. माझ्या माहितीप्रमाणे त्या महिन्यात पिंपरीत झालेली आर्थिक सुधारणा तेवढीच.