पोत्यातून आणलेली माती

टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता आणि बाबा घरामागच्या बांबूच्या बेटात गुडघे टेकून पहार चालवत होते. धरमतरच्या खाडीकाठचं आपलं गाव सोडायचा तो दिवस. उधाणाने बांधाला खांड पडली होती. खारं पाणी शेतातून थेट अंगणापर्यंत आलं, विहीरसुद्धा गेली. दादाला रोह्याला कंपनीत नोकरी होती, त्याने जवळच निडी गावात लहानसं घर घेतलं. भांडी, ट्रंका, आईचं जातं, सगळं टेम्पोत चढलं. शेवटी बाबा बेटाच्या हिरव्या राहिलेल्या कडेचा एक कंद घेऊन आले आणि मागोमाग अंगणातल्या मातीची दोन पोती.

"माती कशाला?" दादा वैतागला.

"ओळखीची माती असली की रुजतं," बाबा म्हणाले.

एवढी धडपड का, हे गावात राहिलेल्या तुम्हाला सांगायला नको. पनवेल-सुरतेला गेलेल्यांच्या मुलांसाठी सांगते. आपल्या घरांत माणूस गेलं की तिरडीचे बांबू घरच्याच बेटातून तोडायचे. आजोबांचे बाबांनी तोडले होते, आणि आपलेही तिथूनच निघतील असं ते धरून चालले होते. "परक्याच्या बांबूवर जायची पाळी नको," असं ते जेवता जेवता म्हणायचे, कालवणात मीठ कमी आहे म्हणावं तसं.

निडीला खाडीचा वारा नाही. उन्हाळ्यात कातळ असा तापतो की अनवाणी पाय टेकवत नाही. गावी बांबू उंचवट्यावर लावायचा, मुळाशी पाणी साचू नये म्हणून. बाबांनी इथेही तेच केलं. घराच्या वरच्या चढावर कातळात खड्डा खणला, पोत्यातली माती भरली, कंद लावला. पाऊस लागला तसा एक कोंब वर आला. बाबा शिफ्ट लागल्यासारखे सकाळ-संध्याकाळ तिथे हजर असायचे.

मग कोंब शेंड्याकडून काळा पडत गेला. बाबांनी मुळाशी बोट घातलं, चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकले.

"खारट हाय," म्हणाले.

खांडीचं पाणी अंगणात मुरलं होतं, आणि कातळातून निचरा होत नव्हता. जन्मभर बांध घालून मीठ बाहेर ठेवणाऱ्या माणसाने ते स्वतःच पोत्यात भरून आणलं होतं. मला आधी त्यांचा राग आला, मग त्यांच्याकडे बघवेना. त्यानंतर ते त्या चढाकडे फिरकले नाहीत. हळूहळू बोलणंही कमी झालं.

वाल पेरायच्या दिवसांत बाबा गेले. शेजारचे गोपाळदादा, तिथलेच शेतकरी, त्यांनी कोणी न सांगता आपल्या बेटातले बांबू तोडून आणले. आईने त्या बांबूंना हात लावून पाहिला आणि तोंड फिरवलं. बाबा परक्याच्याच बांबूवर गेले. ते मला अजून पचलेलं नाही.

पुढचा पाऊस लागायच्या आधी आई स्वतः गोपाळदादांकडे गेली. "आम्हाला पण एक कंद द्या," म्हणाली. त्यांच्या सांगण्यावरून तो सखल जागी लावला, मोरीचं पाणी जातं तिथे, मुळाशी शेणखत आणि वर पेंढा. आपल्याकडे बांबूच्या मुळातून पाणी काढून द्यावं लागे, इथे ओल धरून ठेवावी लागते. तो जगला, पसरला, त्याचं बेट झालं. मला त्याचं फारसं कौतुक नव्हतं. ज्यांना हवं होतं ते राहिले नव्हते.

काही वर्षांनी एका सकाळी खालच्या आळीतला एक माणूस दारात आला. आमच्याशी तो कधी बोललेला नव्हता.

"वहिनी, दोन बांबू हवेत. आमची आय गेली. आमच्याकडं बेट नाय."

आई लगेच उठली. कोयता घेऊन बेटात गेली आणि सरळ बघून दोन दाखवले. त्या दिवसापासून निडीत आम्हाला कोणी पूर्वीसारखं 'खाडीवरचे' म्हटलेलं मी ऐकलं नाही.

तुम्ही विचारता, परत कधी येणार. मी एकदा आईला विचारलं. "आता नाय गो," म्हणाली. दर पावसाळा सरला की ती बेटात जाते, स्वतःसाठी दोन बांबू निवडते आणि मला हाक मारून दाखवून ठेवते.