इन्स्पेक्शनच्या दिवशीचे डॉक्टर

डॉक्टर नव्हता म्हणून माणूस गेला, असं कोणी सांगितलं की माझं डोकं सणकतं. आमचे हे गेले तेव्हा कॅज्युअल्टीत डॉक्टरांची नुसती जत्रा भरली होती.

सत्तर सालानंतरची गोष्ट. आम्ही नंदनवन वस्तीत राहायचो, हे खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये फिटर होते. त्या दिवशी त्यांची सुट्टी. जेवायला बसले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "कसंतरीच होऊन राहिलं वं." मी सायकलरिक्षा केली आणि जवळच्याच एका ट्रस्टच्या दवाखान्यात नेलं.

त्या दवाखान्याची एक रीत होती. एरवी कॅज्युअल्टीला एकच डॉक्टर. तोच वॉर्ड पाहायचा, तोच टाके घालायचा. पण मान्यता द्यायला समिती येणार असली की गावोगावचे डॉक्टर एका दिवसापुरते आणून उभे करायचे. नेमका तोच दिवस आमच्या नशिबी आला. दारातच आयाबाई हळूच म्हणाली, "आज इन्स्पेक्शन आहे बाई. आपल्या डॉक्टरले मोठी डिग्री नाही ना, त्याले घरी पाठवलं."

कडक इस्त्रीचे एप्रन घातलेले डॉक्टर भिंतीला लागून ओळीनं उभे होते. पहिल्याला म्हटलं, "यायले पाहा ना जी." तो म्हणाला, "मी भंडाऱ्याहून आलोय, इथलं मला काही ठाऊक नाही. त्यांना विचारा." ते निघाले चामडीचे डॉक्टर, त्यांच्या पलीकडचे डोळ्यांचे. अहो, पण छाती कुठं असते एवढं तरी शिकला असाल ना! मी ओरडलेच. तर एकानं मलाच दटावलं, "हळू बोला, समिती जिन्यात आहे."

पलंग सगळे रिकामे. वॉर्डबॉय हात आडवा धरून उभा, "चादरी आत्ताच बदलल्या, पेशंट सध्या बाकावर." बाकावर यांचं अंग घामानं थबथबलेलं, माझा पदर मुठीत. "काहून कोणी येऊन नाही राहिलं?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात दवाखान्याचे मोठे साहेब धावत आले. "अरे, पलंगावर एकही पेशंट नाही? कसं दिसेल ते!" झालं, यांना उचललं आणि त्या पांढऱ्याशुभ्र चादरीवर ठेवलं. सगळे डॉक्टर भोवती गोळा झाले. मला वाटलं, चला, सुटलो एकदाचे. वेडीच मी.

समिती आत आली. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं यांच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला. मी त्याच्या तोंडाकडेच बघत होते. ते एकदम उतरलं. त्यानं हात हलवला नाही, कोणाला हाक मारली नाही. समितीतल्या एकानं विचारलं, "कसा आहे पेशंट?"

"ट्रीटमेंट सुरू आहे, सर."

"छान. स्टाफ भरपूर आहे तुमच्याकडे," असं मोठ्या साहेबांना म्हणून ते पुढे निघाले.

ते दाराबाहेर जाईपर्यंत तो स्टेथोस्कोप तिथंच होता. मग त्यानं तो काढून गळ्यात अडकवला आणि माझ्याकडे न बघता चादर यांच्या तोंडावर ओढली.

दवाखान्याला मान्यता मिळाली. त्यांना दाखवायला पेशंट हवा होता, तो आमच्या घरचा गेला.